वाढीव युनिट येतं कुठून?

अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. विकसनशील देशांचं ऊर्जावापरातून होणारं कार्बन उत्सर्जन सतत वाढतंय आणि त्यामागे वाढती लोकसंख्या हे मुख्य कारण आहे, असं त्यांच्या क्रमिक पुस्तकात दिलंय. ते बरोबर आहे का? आणि भारतात दरवर्षी सौर ऊर्जेचे विक्रम होत असताना कोळशाचा वापर का वाढतोय?

मी प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहे. औष्णिक वीज केंद्रं, सायझिंग युनिटं (विणण्याआधी सुताला खळ लावणारे कारखाने), साखर कारखाने, फाउंड्री अशा ठिकाणी बॉयलरची, मोटरींची, पंपांची कार्यक्षमता मोजणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तराची सुरुवात तुमच्या विषयाच्या बाजूने करतो, पण लवकरच बॉयलरपाशी येणार आहे.

आधी लोकसंख्येचा मुद्दा निकालात काढू. आफ्रिकेतला नायजर हा देश लोकसंख्यावाढीच्या वेगात जगात अगदी वरच्या क्रमांकांत आहे, वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त. तिथलं माणशी उत्सर्जन टनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं. उलट चीनची लोकसंख्या २००० नंतर जेमतेम दहा-बारा टक्क्यांनी वाढली, २०२२ पासून ती घटायलाही लागली, आणि या काळात त्यांचं उत्सर्जन तिपटीच्या वर गेलं. व्हिएतनाममध्ये २००० नंतरच्या दोन दशकांत माणसं पावपट वाढली, उत्सर्जन पाच पटींहून जास्त. लोकसंख्या हेच मुख्य इंजिन असतं, तर ही तीन चित्रं एकमेकांशी इतकी उलटी दिसली नसती.

भारताची फोड करून पाहा. जपानचे ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक साधं समीकरण आहे: उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागचा कार्बन, या चारांचा गुणाकार. १९९० ते २०२३ या काळात आपली लोकसंख्या साधारण १.६ पट झाली. दरडोई वास्तव उत्पन्न चौपटीच्या आसपास गेलं. रुपयामागची ऊर्जा जवळपास निम्मी झाली, आणि ही फार मोठी कमाई आहे. सेवाक्षेत्र वाढलं, यंत्रं सुधारली, सिमेंटसारख्या उद्योगांनी कोरडी प्रक्रिया स्वीकारली. चौथा घटक मात्र बिघडला. ऊर्जेच्या एककामागचा कार्बन एक तृतीयांशाहून अधिक वाढला. सगळं मिळून उत्सर्जन जवळजवळ पाचपट झालं: १९९० मधलं सुमारे ०.६ अब्ज टन २०२३ मध्ये २.८ अब्ज टनांच्या घरात आलं.

हा चौथा आकडा वर्गात सहसा कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून तिथे थोडा थांबतो. १९९० मध्ये या देशाची बरीचशी ऊर्जा लाकूडफाटा, शेणी, तुराट्या-पऱ्हाट्या यांतून येत होती. झाड पुन्हा वाढताना तेवढाच कार्बन शोषतं असं धरून त्या धुराचा कार्बन ऊर्जेच्या हिशेबात शून्य मांडतात. जसजसा त्या जळणाचा वाटा घटला, तसतसा कोळशाचा वाढला: तेव्हा एकूण प्राथमिक ऊर्जेत (वीज वगैरे रूपांत बदलण्याआधीच्या मूळ ऊर्जेत) तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आता ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गरीब देश आधुनिक ऊर्जेकडे वळतो तेव्हा पहिल्या टप्प्यात त्याची ऊर्जा कागदावर जास्त ‘काळी’ होते. श्रीमंत देशांची आकडेवारी वापरून शिकलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण त्यांच्याकडे हा टप्पा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच उरकला.

यावरून कुणी गॅस सिलिंडरकडे बोट दाखवू नये. १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला तर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. उज्ज्वला योजनेतलं एखादं कुटुंब वर्षाला पाच सिलिंडर वापरत असेल, तर झाले दोनशे-सव्वादोनशे किलो. शहरातल्या बेडरूममधला दीड टनी एसी तासाला एक युनिट धरून उन्हाळ्याचे चार महिने रोज आठ तास चालला, तर ९६० युनिटं होतात आणि आपल्या ग्रिडच्या सरासरीने सातशे किलोच्या आसपास उत्सर्जन. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांची किंमत देऊन वाचवलेला कार्बन कुणाच्याही खात्यात जमा म्हणून दाखवू नये, असं मी मनापासून मानतो.

आता वीज, कारण आपल्या उत्सर्जनाचा निम्मा भाग तिथे आहे.

एकूण आकड्यांपेक्षा मी नेहमी एक वेगळा प्रश्न विचारतो: यंदा जी जास्तीची युनिटं लागली, ती कुठून आली? उत्सर्जन वाढणार की घटणार हे त्या वाढीव युनिटांवर ठरतं. स्वच्छ विजेची भर मागणीच्या वाढीपेक्षा कमी पडली की उरलेली तूट कोळसा भरतो. विक्रम कितीही झालेले असोत.

२०२३-२४ हे वर्ष घ्या. आदल्या वर्षी देशात सुमारे १,६२४ अब्ज युनिट वीज तयार झाली होती, त्या वर्षी १,७३९. वाढ ११५ अब्ज युनिटांची. सौर क्षमता त्या वर्षी पंधरा हजार मेगावॅटने वाढली, आणि बातम्यांत ती ठळकपणे आली. पण हजार मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षभरात साधारण १.७ अब्ज युनिटं देतो. पंधरा हजारांचे झाले पंचवीस अब्ज, तेही सगळे प्रकल्प एक एप्रिललाच सुरू झाले असं समजलं तर. त्यात २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. धरणं भरली नाहीत, जलविद्युत १६२ अब्ज युनिटांवरून १३४ वर आली. पंचवीस मिळवले आणि अठ्ठावीस गमावले. राहिलं काय? औष्णिक वीज, म्हणजे जवळजवळ सगळा कोळसाच, १,२०६ वरून १,३२६ अब्जांवर गेली. देशाची अख्खी वाढ, आणि वर थोडी जास्तच, कोळशाने उचलली.

पुढच्याच वर्षी चित्र बदलू लागलं. २०२४-२५ मध्ये मागणीची वाढ मंदावली, सौर क्षमतेत जवळपास चोवीस हजार मेगावॅटची भर पडली, पाऊस बरा झाला. वाढीव युनिटांतला औष्णिकचा वाटा निम्म्याखाली आला. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत तर वीज क्षेत्राचं उत्सर्जन आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा किंचित घटलं. त्यात लवकर आलेल्या पावसाचा आणि त्यामुळे कमी चाललेल्या एसी-कुलरचा हातभार होता, त्यामुळे लगेच हुरळून जाण्यात अर्थ नाही. पण स्वच्छ विजेची भर मागणीच्या वाढीला गाठू शकते, हे त्यातून दिसलं.

इथे क्षमता आणि निर्मिती यांतला फरक नीट लक्षात ठेवा. परीक्षेतही उपयोगी पडेल. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा भाग बिगर-जीवाश्म झाला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत त्याचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपासच आहे. सौर पॅनेल दिवसाचे चांगले पाच-सहा तास काम करतं; कोळशाचा संच चोवीस तास चालू शकतो. मेगावॅट मोजून उत्सर्जनाचा अंदाज बांधणारे लेख बहुतेक वेळा इथेच घसरतात.

मग एवढा कोळसा जाळणारी केंद्रं आली कुठून, आणि ती ऐन वेळी हाताशी कशी असतात? बाराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २०१२ ते २०१७ मध्ये, आपण कोळशावरची ऐंशी हजार मेगावॅटहून अधिक क्षमता उभी केली. मागणी दरवर्षी नऊ टक्क्यांनी वाढेल अशा भाकितांवर. मागणी तेवढी आली नाही. केंद्रांचा भारांक, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्ष तयार झाली ते प्रमाण, २००७-०८ मध्ये ७८ टक्क्यांच्या वर होता. २०१९-२० मध्ये तो ५६ वर आला. केंद्रं होती, कामगार होते, कर्ज होतं, आणि वितरण कंपन्यांनी पंचवीस-पंचवीस वर्षांचे खरेदी करार केलेले होते. या करारांत दर दोन भागांत असतो. स्थिर आकार, जो वीज घेतली नाही तरी भरावा लागतो, आणि चल आकार, म्हणजे मुख्यतः कोळशाचा खर्च. स्थिर आकार कसाही द्यायचाच असल्याने वाढीव युनिट घेताना फक्त चल आकार बघितला जातो. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्राचा तो आकार इतका कमी असतो, की मागणी वाढली की आधी त्याच केंद्राला लोड वाढवायला सांगितलं जातं. २०२३-२४ मध्ये भारांक पुन्हा ६९ टक्क्यांवर गेला. त्या वर्षीचं वाढीव उत्सर्जन दहा-बारा वर्षांपूर्वी सही झालेल्या करारांतून आलं, असं म्हटलं तरी चुकीचं नाही.

विकसनशील देशांच्या उत्सर्जनाचं सर्वांत कमी चर्चिलं जाणारं कारण मला हेच वाटतं. अमेरिका-युरोपातली बरीच कोळसा केंद्रं चाळीस वर्षांच्या पुढची. ती बंद करताना बुडायला फारसं भांडवल उरलेलं नसतं. आपला ताफा सरासरीने पंधरा वर्षांच्या आतबाहेरचा. त्याचं कर्ज अजून फिटतंय. नवं वीज केंद्र, नवी भट्टी, नवा रस्ता, नवी काचेची इमारत: यांतली प्रत्येक गोष्ट पुढच्या तीस वर्षांचं उत्सर्जन ठरवून टाकते, आणि ती उभी करण्याचे दिवस आपल्याकडे आत्ता आहेत.

कोळशाचा संच प्रत्यक्षात कसा चालतो तेही सांगतो, कारण आकड्यामागचा धूर दिसला पाहिजे. विदर्भातल्या केंद्रांत येणाऱ्या कोळशात राख पस्तीस ते पंचेचाळीस टक्के. किलोमागे साधारण ३,७०० किलोकॅलरी मिळतात. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. जुना सबक्रिटिकल, म्हणजे तुलनेने कमी दाबाच्या वाफेवर चालणारा, संच एका युनिटासाठी २,५०० च्या आसपास घेतो. याला आम्ही हीट रेट म्हणतो. कार्यक्षमता चौतीस टक्के. म्हणजे एका युनिटाला पावणेसातशे ग्रॅम कोळसा, आणि चिमणीतून साडेनऊशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. पावसाळ्यात कोळसा भिजून येतो. तो शूटमध्ये, म्हणजे कोळसा खाली सोडणाऱ्या घसरणीत, आणि तो पुढे ढकलणाऱ्या फीडरच्या तोंडाशी चिकटून बसतो, माणसं हातोड्यांनी आणि लोखंडी सळयांनी ठोकून तो मोकळा करत असतात. कोळसा दळणाऱ्या मिलमधून भट्टीत जाणारा प्रवाह तुटक झाला की ज्योत अस्थिर होते, ती टिकवायला ऑइल गन लावून फर्नेस ऑइल जाळावं लागतं. अशा दिवशीचा हीट रेट कागदावरच्या हीट रेटपेक्षा बराच वर असतो. राख तर रोजची: ती भट्टीत तापवायची, पाण्यात विझवायची, बंधाऱ्यात वाहून न्यायची, आणि या सगळ्याला वीज लागते ती त्याच केंद्राची.

आता या संचाला सौर ऊर्जेशी जुळवून घ्यावं लागतंय. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा भार प्रेषण केंद्रातून (कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची हे सांगणाऱ्या कार्यालयातून) संचाला लोड उतरवायला सांगतात. पंचावन्न टक्क्यांपर्यंत उतरवणं आता नियमाने अपेक्षित आहे, पुढे चाळीसपर्यंत. तेवढ्या कमी लोडवर हीट रेट सहा-सात टक्क्यांनी बिघडतो. पूर्ण बंद करता येत नाही, कारण गार झालेला संच पुन्हा पेटवून लोडवर आणायला अनेक तास जातात आणि संध्याकाळी सातला तो लागणारच असतो. सूर्य मावळतो, ऑफिसातला एसी बंद होतो, घरातला चालू होतो, रात्री अकरापर्यंत मागणी उतरत नाही. उन्हाळ्यातली दुपारची कमाल मागणी सौर ऊर्जेमुळे आता तुलनेने सोपी झाली आहे. ३० मे २०२४ ला देशाने अडीच लाख मेगावॅटची विक्रमी मागणी दुपारी पेलली. अडचण रात्रीची आहे.

ही अडचण सोडवायला महाराष्ट्राकडे कोयना आहे, १,९६० मेगावॅटची. बटण दाबल्यावर काही मिनिटांत लोड घेणारी. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, त्यामुळे कोयना रोज कितीही चालवता येत नाही; ती जपून, संध्याकाळच्या नेमक्या तासांसाठी वापरतात. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प त्याच कामाचा, दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी सोडायचं. सह्याद्रीत अशा जागा अजून पुष्कळ आहेत आणि बॅटरीचे निविदांमधले दर २०२४-२५ मध्ये झपाट्याने उतरले. साठवणूक आली की दुपारचं सौर युनिट रात्री वापरता येतं, आणि मग कोळशाचा संच केवळ रात्रीसाठी दिवसभर धगधगता ठेवण्याचं कारण उरत नाही. पुढच्या दहा वर्षांत आपलं उत्सर्जन कुठे जाईल हे मला विचाराल, तर पॅनेलच्या मेगावॅटपेक्षा मी साठवणुकीच्या मेगावॅट-तासांकडे बघेन.

मागणी हलवणं हाही एक मार्ग आहे, आणि त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या शेतात आहे. महाराष्ट्रात पंचेचाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. महावितरणने विकलेल्या विजेत चौथ्या हिश्श्याहून अधिक वीज शेतीच्या नावावर लागते. वर्षानुवर्षं कृषी फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज पुरवठा आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असा पाळीने मिळायचा. रात्री बारानंतर वीज येणार, तर विहिरीवर कोण जाणार? साप, बिबट्या, अंधार. मग शेतकरी ऑटो स्टार्टर लावून ठेवायचा. वीज आली की शेजारपाजारच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या, विजेचा दाब कोसळायचा, कमी दाबावर मोटर जास्त करंट ओढायची आणि जळायची. गावातल्या रिवायंडिंगच्या दुकानात तिचं वाइंडिंग बदलून ती परत यायची, दर वेळी एक-दोन टक्के कार्यक्षमता गमावून. वीज मीटरविना, मोटरीच्या एचपीवर आकारलेली, त्यामुळे चांगला पंप घेण्यात शेतकऱ्याचा पैशांचा फायदा शून्य. मी मोजलेल्या कित्येक पंपसेटांची एकूण कार्यक्षमता तिशीच्या आसपास होती, जिथे पन्नास सहज शक्य आहे. पाणी रात्रभर वाहत राहायचं, पिकाला गरज असो वा नसो. या सगळ्यासाठी रात्री जो कोळसा जळायचा, तो शेतकऱ्याच्या चैनीसाठी जळत नव्हता. पुरवठ्याची रचनाच तशी केलेली होती.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि त्यावर थेट कृषी फीडर. शेतकऱ्याला दिवसा वीज, महावितरणला स्वस्त वीज, वहनातली गळती कमी, आणि रात्रीची मागणी दुपारी सरकली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतलाय. उत्सर्जन कमी करणारं आणि त्याच वेळी शेतकऱ्याचं जगणं सुसह्य करणारं असं धोरण फार क्वचित सापडतं. मला त्याचा खरोखर अभिमान वाटतो. एक काळजी मात्र बोलून दाखवतो. दिवसा मुबलक आणि फुकट वीज मिळाली की भूजलाचा उपसा वाढतो. पाणी खोल गेलं की तेवढंच पाणी उपसायला जास्त युनिटं लागतात. विहिरींच्या पातळीची नोंद या योजनेला जोडली गेली पाहिजे.

शेतीनंतर उद्योग. इथे विजेपेक्षा उष्णता मोठी आहे, आणि ती धोरणाच्या चर्चेत दिसतच नाही. इचलकरंजीच्या सायझिंग युनिटाला, सोलापूरच्या टॉवेल कारखान्याला, दूध डेअरीला वाफ लागते. ती दोन ते सहा टनांच्या छोट्या बॉयलरमधून येते: कुठे कोळसा, कुठे ब्रिकेट (भुसा-काडीकचरा दाबून केलेलं जळण), कुठे लाकूड. बहुतेक ठिकाणी गळके स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा), उघड्या पाइपलाइन आणि गटारात जाणारं गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी, दिसतं. ते परत बॉयलरला आणलं तर दहा-पंधरा टक्के इंधन वाचतं, आणि खर्च वर्षभरात वसूल होतो. तरी ते होत नाही, कारण मालकाच्या हातात खेळतं भांडवल सूत आणि मजुरीत अडकलेलं असतं आणि बँक पाइप इन्सुलेशनला कर्ज देत नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २०१२ पासूनची ‘पॅट’ योजना (मोठ्या उद्योगांना ऊर्जाबचतीचं लक्ष्य ठरवून देणारी) यांनी मोठ्या कारखान्यांना शिस्त लावली. छोट्यांपर्यंत ती पोचली नाही.

पोलादाचं तर मूळच वेगळं आहे. भारत स्पंज आयर्नचा, म्हणजे लोहखनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेल्या लोखंडाचा, जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. आखाती देश आणि इराण ते नैसर्गिक वायूवर करतात. आपल्याकडे स्वस्त वायू नाही, म्हणून बहुतांश उत्पादन फिरत्या भट्ट्यांत कोळशावर होतं. तेच स्पंज आयर्न आणि भंगार जालन्यासारख्या ठिकाणी विजेवरच्या इंडक्शन भट्टीत वितळून घरबांधणीच्या सळया होतात. आपल्या एक टन पोलादामागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; जगाची सरासरी दोनच्या थोडी खाली. आणि देशाला पोलाद लागणार आहेच. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३० पर्यंत तीस कोटी टन क्षमतेचं उद्दिष्ट आहे. पूल, घरं, रेल्वे बांधायची नाहीत असं कुणी सांगू शकत नाही, आणि सांगूही नये.

वाहतुकीबद्दल थोडक्यात: स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशातला बहुतेक माल रेल्वेने जायचा, आता तो वाटा तिशीच्या आत आहे. उरलेला ट्रकवर, म्हणजे डिझेलवर, आणि एक लिटर डिझेल म्हणजे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. रेल्वेचं जवळपास पूर्ण विद्युतीकरण झालं ही मोठी गोष्ट आहे, पण मालच तिच्याकडे आला नाही तर त्याचा लाभ अर्धाच.

भारताबाहेरची दोन उदाहरणं तुमच्या अभ्यासासाठी फार उपयोगी आहेत. व्हिएतनामने सौर विजेला आकर्षक हमीदर दिला. २०१८ च्या अखेरीस नगण्य असलेली क्षमता २०२० च्या अखेरीस सोळा हजार मेगावॅटच्या वर गेली. पण पॅनेल बसली दक्षिणेत आणि मध्य भागात, फोनचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे कारखाने उत्तरेत, हनोईच्या भोवताली. मध्ये वाहिन्या अपुऱ्या. दक्षिणेत सौर वीज कापावी लागली, आणि २०२३ च्या मे-जूनमध्ये उत्तरेतली धरणं आटली तेव्हा त्याच कारखान्यांना वीजकपात सोसावी लागली. कोळसा वाढला. उत्तरेकडे जाणारी नवी ५०० केव्ही वाहिनी पूर्ण झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. विकसनशील देशात उत्सर्जन वाढण्याचं कारण कधी कधी एखादी वेळेत न झालेली वाहिनी असते. राजस्थानातली सौर वीज आणि आपल्या वाहिन्या यांबाबत आज हाच धडा आपल्यासमोर आहे.

दुसरं उदाहरण इंडोनेशिया. २०२० मध्ये त्यांनी निकेलच्या खनिजाची निर्यात बंद केली, का तर शुद्धीकरण देशातच व्हावं, रोजगार मिळावा. उद्दिष्ट रास्त होतं. सुलावेसी बेटावर मोरोवाली इथे प्रचंड कारखाने उभे राहिले, मुख्यतः चिनी भांडवलावर, आणि त्यांच्यासाठी कारखान्याच्या आवारातच कोळशाची वीज केंद्रं. ते निकेल स्टेनलेस स्टीलमध्ये जातं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीतही जातं. गाडी दुसऱ्या देशात धूर न सोडता चालते, तिच्या बॅटरीचा धूर सुलावेसीच्या खात्यात लिहिला जातो. उत्सर्जन उत्पादनाच्या जागी मोजायचं की वापराच्या, हा वाद तुम्ही वाचला असेलच. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार २०२६ पासून पैशांत लागू होतोय, आणि पोलाद, ॲल्युमिनियम पाठवणाऱ्या आपल्या निर्यातदारांनाही त्यामुळे हा प्रश्न रोजच्या व्यवहारात आला आहे. मोजणी होणं चांगलंच. मात्र ज्यांच्या भांडवलाचा व्याजदर आपल्या निम्म्याने आहे, त्यांनी भांडवल न देता फक्त आकार लावला, तर छोटा कारखानदार स्वच्छ भट्टी बसवणार कशातून?

व्याजाचा मुद्दा इथेच पुरा करतो. कोळसा केंद्राचा बराच खर्च पुढे वर्षानुवर्षं कोळसा विकत घेण्यात जातो. सौर, पवन, जलविद्युत यांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी, कर्जातून. त्यामुळे व्याजदर वाढला की स्वच्छ वीज कोळशापेक्षा कितीतरी जास्त महागते. भारतात मोठ्या प्रकल्पांना आता वाजवी दराने पैसा मिळतो, म्हणून निविदांत सौर वीज अडीच रुपयांच्या आसपास आली. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत ऊन आपल्याइतकंच, किंबहुना जास्त, तरी तेच पॅनेल त्यांना महाग पडतं. हवामान परिषदांत हा विषय मागच्या बाकावर असतो. मला तो पहिल्या बाकावरचा वाटतो.

तुमच्या प्रबंधासाठी चार व्यावहारिक सूचना देतो. कालखंड निवडताना २०२०-२१ हे टाळेबंदीचं वर्ष आरंभ किंवा शेवट म्हणून घेऊ नका. सगळे निष्कर्ष वाकडे येतील. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो, तो ऊर्जेच्या खात्यात मिसळू देऊ नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे आर्थिक वर्षाचे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे कॅलेंडर वर्षाचे असतात. ते एका तक्त्यात शेजारी ठेवण्याआधी जुळवून घ्या. आणि कारखान्यांची स्वतःची, म्हणजे कॅप्टिव्ह, वीज केंद्रं विसरू नका. आपल्याकडे ती वर्षाला दोनशे अब्ज युनिटांच्या वर वीज तयार करतात, बरीचशी कोळशावर, आणि ग्रिडच्या मासिक अहवालांत ती धरलेली नसतात. त्यांचे आकडे प्राधिकरणाच्या वार्षिक सर्वसाधारण आढाव्यात उद्योगनिहाय मिळतात. ॲल्युमिनियम, सिमेंट आणि पोलाद या तिघांचे तक्ते आधी काढा.